वजाबाकीतून दिसणारा न्यूट्रॉन

शुद्ध न्यूट्रॉनचा डबा जगात कुठेच मिळत नाही. प्रोटॉन आतून कसा आहे ते पाहायचे तर हायड्रोजनचा सिलिंडर आणला की निम्मे काम झाले. हायड्रोजनचे केंद्रक म्हणजेच एक प्रोटॉन. त्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करायचा आणि ते कोणत्या कोनात वळले, किती ऊर्जा गमावून बसले, ते मोजायचे. न्यूट्रॉनच्या नशिबी ही सोय नाही. केंद्रकाबाहेर पडलेला न्यूट्रॉन सरासरी पावणेपंधरा मिनिटांत मोडतो आणि त्याचे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व अँटिन्यूट्रिनो होतात. विद्युतभार नसल्यामुळे त्याला विद्युतक्षेत्रात धरून ठेवता येत नाही. अणुभट्टीतून न्यूट्रॉनांचा झोत मिळतो खरा, पण तो इतका विरळ असतो की इलेक्ट्रॉनांनी नेम धरावा असे लक्ष्य त्याचे होत नाही.

मग उरतो उसनवारीचा मार्ग. ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, केंद्रकात एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन असतो. आधी ड्यूटेरियमवर मारा करून मोजणी करायची, मग साध्या हायड्रोजनवर, आणि पहिल्यातून दुसरी वजा करायची. काट्यावर स्थिर न राहणाऱ्या तान्ह्या मुलाचे वजन घरोघरी असेच होते: आई आधी मुलाला घेऊन काट्यावर उभी राहते, मग एकटी. पण मूल कडेवर चुळबुळ करते, तसा केंद्रकातला न्यूट्रॉनही स्वस्थ नसतो. तो सतत हलत असतो, प्रोटॉनशी बांधलेला असतो आणि बांधला गेल्यामुळे थोडा बदलतोही. किती बदलतो, यावर गेली चाळीस वर्षे वाद चालू आहे. न्यूट्रॉनच्या अंतरंगाचा इतिहास हा मुख्यतः ही वजाबाकी अधिकाधिक चोख करत नेण्याचा इतिहास आहे.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला, तेव्हा तो अगदी साधा कण वाटत होता. पण संशय यायला फार वेळ लागला नाही. पॉल डिरॅक यांच्या समीकरणानुसार, आत काहीही रचना नसलेल्या उदासीन कणाला चुंबकत्व असायला नको, आणि प्रोटॉनचे चुंबकीय परिबल १ न्यूक्लिअर मॅग्नेटॉन (हे या चुंबकत्वाचे एकक) असायला हवे. १९३३ मध्ये हँबुर्गला ऑटो स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटॉनचे परिबल मोजले तर ते अडीचच्या आसपास निघाले. आजचा आकडा २.७९ आहे. पुढच्याच वर्षी इगोर ताम आणि सेम्यॉन आल्तशुलर यांनी वेगवेगळ्या केंद्रकांच्या चुंबकत्वावरून न्यूट्रॉनचे परिबल ऋण असणार असा अंदाज बांधला. १९४० मध्ये बर्कलीच्या सायक्लोट्रॉनवर लुई अल्व्हारेझ आणि फेलिक्स ब्लॉख यांनी ते थेट मोजले: उणे १.९३. आता ते उणे १.९१३ मानले जाते.

इथेच वजाबाकीतली खोट पहिल्यांदा दिसते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या परिबलांची बेरीज ०.८८० येते, ड्यूटेरियमच्या केंद्रकाचे परिबल प्रत्यक्षात ०.८५७ आहे. फरक लहान आहे, पण तो मोजमापातल्या चुकीमुळे आलेला नाही. दोन कण एकत्र नांदतात तेव्हा ते एकमेकांभोवती कसे फिरतात, याचा तो हिशेब आहे.

प्रकीर्णनाचा, म्हणजे कण आदळवून ते कसे वळतात हे पाहण्याचा, पहिला डाव मात्र उलटा खेळला गेला. न्यूट्रॉनवर इलेक्ट्रॉन फेकण्याऐवजी अणूंमधल्या इलेक्ट्रॉनांवर संथ न्यूट्रॉन सोडण्यात आले. १९४७ मध्ये एन्रिको फर्मी आणि लिओना मार्शल यांनी झेनॉन वायूवर, तर कोलंबिया विद्यापीठात हेवन्स, राबी आणि रेनवॉटर यांनी शिशावर असे प्रयोग केले. संथ न्यूट्रॉन केंद्रकावरून उडतो तेव्हा सगळ्या दिशांना सारखाच उडतो. इलेक्ट्रॉनांचा ढग अणूएवढा पसरलेला असल्याने त्याचा परिणाम पुढच्या दिशेला किंचित वेगळा पडतो. तो ‘किंचित’ पकडायचा, एवढेच काम. पण एका इलेक्ट्रॉनचा परिणाम केंद्रकाच्या परिणामाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन स्फटिक आणि चुंबकीय पदार्थ तपासायला वापरतात. तिथे न्यूट्रॉन हे हत्यार असते. फर्मींच्या प्रयोगात झोत तसाच होता, पण तपासणी खुद्द झोताची चालली होती.

याच जातीच्या प्रयोगांतून पुढे न्यूट्रॉनच्या विद्युतभाराच्या त्रिज्येचा वर्ग मिळाला: सुमारे उणे ०.११६ चौरस फेम्टोमीटर. (एक फेम्टोमीटर म्हणजे एका मिलिमीटरच्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग.) वर्ग ऋण कसा, असे वाचक विचारेल आणि ते रास्तच आहे. ही खऱ्या अर्थाने लांबी नव्हे. प्रत्येक ठिकाणच्या भाराला केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणून घेतलेली ती सरासरी आहे. एकूण भार शून्य असताना ही सरासरी ऋण आली, तर आत धन आणि कडेला ऋण भार असावा, असा सरळ अर्थ निघतो.

पाठ्यपुस्तकांनी तो लगेच उचलला. न्यूट्रॉन काही काळ प्रोटॉन आणि ऋण पायॉन अशा जोडीच्या रूपात असतो. पायॉन हलका, म्हणून तो बाहेर पसरतो आणि प्रोटॉन मध्ये राहतो. चित्र देखणे होते, पण गडबड दोन बाजूंनी झाली. लेस्ली फोल्डी यांनी १९५० च्या दशकात दाखवले की न्यूट्रॉनच्या चुंबकत्वामुळेच सुमारे उणे ०.१२६ एवढा परिणाम आपोआप येतो. म्हणजे मोजलेला जवळजवळ सगळा आकडा त्यातच खर्ची पडतो आणि आतल्या भाराच्या मांडणीसाठी काही उरतच नाही. १९९९ मध्ये नेथन इसगुर यांनी बाजू उलटवली. न्यूट्रॉन ज्यांचा बनला आहे त्या क्वार्कांच्या सापेक्षतावादी हालचालीतून येणारे एक पद फोल्डींचा परिणाम पुसून टाकते, त्यामुळे मोजलेला आकडा भाराच्या मांडणीचाच समजावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन्ही गणिते बरोबर, आणि निष्कर्ष एकमेकांविरुद्ध.

तिसरा घाव २००७ मध्ये सिॲटलच्या जेराल्ड मिलर यांनी घातला. जोरदार इलेक्ट्रॉन बसल्यावर न्यूट्रॉन स्वतःच मोठ्या वेगाने मागे सरकतो; आघाताआधीचा आणि नंतरचा न्यूट्रॉन सारखा दिसत नाही, मग स्थिर न्यूट्रॉनचा त्रिमितीय नकाशा काढायचा कसा? मिलर यांनी वेगाने येणाऱ्या न्यूट्रॉनकडे समोरून पाहिल्यास दिसणारी, द्विमितीय घनता काढली. ती नि:संदिग्धपणे काढता येते. तिच्यात मधोमध ऋण भार दिसला, त्याभोवती धन, आणि अगदी कडेला पुन्हा ऋण. जुन्या चित्राचा गाभाच उलटा झाला. यात जुने चूक आणि नवे बरोबर असे घाईने म्हणता येत नाही. दोन्ही उत्तरे दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. पण ‘न्यूट्रॉनच्या मधोमध काय आहे’ हा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही, हे मिलर यांच्यानंतर कुणी नाकारत नाही.

मधल्या काळात इलेक्ट्रॉनांचा मारा जोरात सुरू झाला होता. स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी मार्क-३ या वेगवर्धकावर १९५० च्या दशकात प्रोटॉनचा आकार मोजला, तो ०.८ फेम्टोमीटरच्या आसपास निघाला, आणि त्यासाठी १९६१ चे नोबेल त्यांना मिळाले. त्यांच्या ड्यूटेरियमवरच्या मोजण्या न्यूट्रॉनच्या दृष्टीने जास्त रंजक आहेत. हायड्रोजनवरून वळलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आलेखात एक टोकदार सुळका येतो. ड्यूटेरियमच्या आलेखात त्याच जागी पसरट टेकाड येते, कारण आतले दोन्ही कण हलत असतात. त्या टेकाडातून प्रोटॉनचा वाटा काढल्यावर दिसले की न्यूट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनच्या चुंबकत्वाएवढ्याच जागेत पसरले आहे, पण विद्युतभार जवळपास कुठेच जाणवत नाही. न्यूट्रॉनमधले धन आणि ऋण भार एकमेकांना एवढे साफ कापतात कसे, याचा विचार करताना योइचिरो नांबू यांनी १९५७ मध्ये एक जड, उदासीन मेसॉन असावा असे सुचवले. १९६१ मध्ये ओमेगा मेसॉन सापडला.

१९६४ मध्ये मरे गेल-मान आणि जॉर्ज झ्वाइग यांनी क्वार्कांची कल्पना मांडली. प्रोटॉनमध्ये दोन अप आणि एक डाऊन, न्यूट्रॉनमध्ये एक अप आणि दोन डाऊन. अपचा भार अधिक २/३, डाऊनचा उणे १/३. या मांडणीतून प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या परिबलांचे गुणोत्तर उणे १.५ यायला हवे होते. मोजलेले उणे १.४६ आहे. तरीही क्वार्क हे हिशेबापुरते कण आहेत असेच बरेच जण समजत होते. तो समज स्टॅनफर्डच्याच तीन किलोमीटर लांबीच्या नव्या वेगवर्धकाने मोडला. १९६७ पासून तिथे जेरोम फ्रीडमन, हेन्री केंडल आणि रिचर्ड टेलर यांच्या गटाने इलेक्ट्रॉन इतक्या जोराने मारले की प्रोटॉन शाबूत राहतच नव्हता, आणि तरी मोठ्या कोनात वळणारे इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले. आत बिंदूसारखे कठीण काहीतरी होते. १९९० चे नोबेल या तिघांना मिळाले.

ते क्वार्कच आहेत, याची खातरजमा करण्यात न्यूट्रॉनचा वाटा मोठा आहे. इलेक्ट्रॉन क्वार्कवर आदळण्याची शक्यता भाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रोटॉनसाठी ४/९, ४/९ आणि १/९ यांची बेरीज १ होते. न्यूट्रॉनसाठी ४/९, १/९ आणि १/९ मिळून २/३. म्हणजे सगळे क्वार्क सारखे वागत असतील तर न्यूट्रॉनवरचे प्रकीर्णन प्रोटॉनच्या दोन तृतीयांश असायला हवे. मारा खाणारा क्वार्क कणाच्या एकूण संवेगातला लहानसा हिस्सा वाहत असेल, तेव्हा हे गुणोत्तर १ च्या जवळ येते, कारण तिथे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या क्षणिक जोड्यांची गर्दी असते. हिस्सा वाढत जातो तसे ते २/३ च्याही खाली उतरते. क्वार्कांचे गणित सांगते की ते १/४ च्या खाली जाऊ नये, आणि आजवर गेलेले नाही.

जोड्यांच्या त्या गर्दीतही एक गंमत लपली होती. सर्नमध्ये १९९१ मध्ये हायड्रोजन आणि ड्यूटेरियमवर म्युऑनांचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचा) मारा करून, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या मोजण्यांतल्या फरकांची काढलेली एक बेरीज १/३ ऐवजी ०.२४ आली. प्रोटॉनमध्ये प्रति-डाऊन क्वार्क प्रति-अपपेक्षा जास्त आहेत, असा तिचा अर्थ होता. २०२१ मध्ये फर्मीलॅबच्या सीक्वेस्ट प्रयोगाने वेगळ्याच पद्धतीने ते पक्के केले. न्यूट्रॉनची मोजणी नसती तर प्रोटॉनचे हे बिंग फुटलेच नसते.

खरी रस्सीखेच आहे ती उलट टोकाला. एकच क्वार्क जवळजवळ सगळा संवेग घेऊन बसतो तेव्हा गुणोत्तर कुठे जाऊन थांबते? साध्या सममितीचे उत्तर २/३, क्वार्क-बलाच्या मूलभूत सिद्धांतावरून काढलेले ३/७, आणि न्यूट्रॉनमध्ये अशा वेळी डाऊन क्वार्कच मिरवत असेल तर १/४. तीन उत्तरे एकमेकांपासून चांगली दूर आहेत. मग मोजून मोकळे का होत नाहीत? कारण ड्यूटेरियममधली चुळबुळ नेमकी याच टोकाला सर्वांत जास्त त्रास देते. त्यात १९८३ मध्ये सर्नच्या युरोपियन म्युऑन गटाला आढळले की लोखंडाच्या केंद्रकातले क्वार्क ड्यूटेरियममधल्यापेक्षा वेगळे वागतात. बांधला गेलेला कण आतून बदलतो, हे तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे समोर आले. १९९६ मध्ये वॉली मेलनिचुक आणि अँथनी थॉमस यांनी स्टॅनफर्डच्या जुन्याच आकड्यांना केंद्रकाची नवी दुरुस्ती लावली, तेव्हा १/४ कडे जाणारा आलेख ३/७ कडे वळला. आकडे तेच, वजाबाकी निराळी.

यातून सुटायचे दोन मार्ग व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबने काढले. पहिल्या प्रयोगाचे नाव बोनस. कल्पना अशी: इलेक्ट्रॉन ड्यूटेरियममधल्या न्यूट्रॉनवर आदळला तर प्रोटॉन नुसता बघ्या राहतो आणि हळूच बाहेर पडतो. तो मागच्या दिशेला, संथपणे निघाला असेल, तर आघाताच्या क्षणी तो न्यूट्रॉनपासून बऱ्यापैकी लांब होता असे समजायला हरकत नाही. शिवाय त्याच्या संवेगावरून न्यूट्रॉनचा संवेग कळतो. पंचाईत एवढीच की असा प्रोटॉन कागदासारख्या पातळ पडद्यातही अडकतो. म्हणून ड्यूटेरियम वायू सहा मिलिमीटर व्यासाच्या, अतिपातळ प्लास्टिकच्या नळीत सात वातावरणे दाबाने भरला आणि नळीभोवतीच वायूचा दंडगोल शोधक बसवला. २००५ मध्ये मोजणी झाली, आणि २०२० मध्ये दुप्पट ऊर्जेने तीच पुन्हा केली गेली.

दुसरा मार्ग जास्त धाडसाचा होता. ट्रिटियममध्ये एक प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन, हेलियम-३ मध्ये दोन प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन. दोन्हींमधले बंधन जवळपास सारखे, त्यामुळे एकाला दुसऱ्याने भागले की बंधनाचे परिणाम बहुतांशी कटतात. पण ट्रिटियम किरणोत्सारी आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रांसाठी ट्रिटियम हाताळणाऱ्या सव्हाना रिव्हर केंद्रात पंचवीस सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची कुपी भरून आणली गेली. आत ट्रिटियम जेमतेम एक दशांश ग्रॅम, पण त्याचा किरणोत्सार सुमारे हजार क्युरी. झोताने कुपी तापून फुटू नये म्हणून ती अतिशीत ठेवली आणि झोतालाही लगाम घातला. त्यात ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे, प्रयोग चालू असतानाच तो कुपीत थोडाथोडा हेलियम-३ होत होता. म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तोच पदार्थ नमुन्यात मिसळत चालला होता, आणि त्याची वेगळी दुरुस्ती लावावी लागली.

‘मॅरेथॉन’ नावाच्या या प्रयोगाची मोजणी २०१८ मध्ये झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. गुणोत्तर २/३ च्या बरेच खाली उतरले आणि साधी सममिती बाद झाली. पण वाद मिटला नाही. हेलियम आणि ट्रिटियम यांच्यातला उरलेला छोटा फरक काढताना वापरलेले प्रारूपच निकालाला एका बाजूला झुकवते, असा आक्षेप काही सैद्धांतिक गटांनी घेतला. तो अगदीच बिनबुडाचा नाही. कित्येक दशके ड्यूटेरियमच्या दुरुस्तीवर भांडण चालले. आता ते आणखी लहान दुरुस्तीवर आले आहे, आणि ही प्रगतीच आहे.

स्पिनच्या, म्हणजे कणाच्या अंगभूत फिरकीच्या, प्रश्नात मात्र न्यूट्रॉन नशीबवान ठरला. हेलियम-३ मधले दोन प्रोटॉन बहुतेक वेळ एकमेकांविरुद्ध दिशांना स्पिन ठेवतात, त्यामुळे केंद्रकाचा जवळपास सगळा स्पिन एकट्या न्यूट्रॉनचा असतो. गणितात तो ८७ टक्क्यांच्या आसपास येतो. काचेच्या कुपीत रुबिडियमच्या वाफेसोबत हेलियम-३ भरायचा, अवरक्त लेसरने रुबिडियमच्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन एका दिशेला वळवायचे, आणि टकरींतून ते तासन् तास हेलियमच्या केंद्रकांकडे झिरपू द्यायचे. १९८७-८८ मध्ये युरोपियन म्युऑन गटाने प्रोटॉनच्या स्पिनमध्ये क्वार्कांच्या स्पिनचा वाटा अगदी थोडा असल्याचे जाहीर करून खळबळ उडवली होती. स्टॅनफर्डच्या ई-१४२ प्रयोगाने १९९३ मध्ये अशाच कुप्या वापरून न्यूट्रॉनची बाजू मांडली, तेव्हा जेम्स बियॉर्केन यांचा १९६६ चा प्रोटॉन-वजा-न्यूट्रॉन नियम तपासता आला. तो टिकला.

क्वार्कांचा स्पिन पुरत नाही तर बाकीचा कुठून येतो? त्यांच्या आतल्या फिरण्यातून किती येतो हे काढायचा मार्ग झियांगडाँग जी यांनी १९९० च्या दशकात दाखवला. त्यासाठी लागणारे क्वार्कांचे एक वितरण प्रोटॉनमध्ये विद्युतभाराच्या ठळक परिणामामागे झाकले जाते. न्यूट्रॉनला भार नसल्याने तिथे ते उघडे पडते. जेफरसन लॅबच्या क्लास-१२ यंत्रात प्लास्टिकच्या लांबट पट्ट्यांचे तीन थर असलेला न्यूट्रॉन-शोधक फ्रान्समधल्या ओर्से इथल्या गटाने बसवला. न्यूट्रॉनवर इलेक्ट्रॉन आदळतो, एक फोटॉन सुटतो, आणि मार खाल्लेला न्यूट्रॉनही प्रत्यक्ष पकडला जातो. हे पहिल्यांदा साधल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. आतल्या शोधकाच्या फटींतून निसटलेले प्रोटॉन न्यूट्रॉन म्हणून मिरवत होते, ते संगणकाला शिकवून वेचून काढावे लागले. आयआयटी मुंबईत अस्मिता मुखर्जी यांचे काम अशाच वितरणांच्या गणितावर आहे.

न्यूट्रॉन आयताच मिळत नसेल तर तो घडवायचा, हाही एक रस्ता आहे. बीजिंगच्या बेस-३ यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून न्यूट्रॉन-प्रतिन्यूट्रॉनची जोडी जन्मते. किती टकरी झाल्या हे मोजायला तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून नुसते वळून जातात त्या घटना मोजतात. त्यांचे सूत्र होमी भाभांनी १९३६ मध्ये काढले होते आणि त्या प्रकीर्णनाला त्यांचेच नाव आहे. १९९० च्या दशकात इटलीतल्या फेनिचे प्रयोगाला अशा न्यूट्रॉन-जोड्या प्रोटॉन-जोड्यांपेक्षा जास्त दिसल्या होत्या, आणि सिद्धांतवाले कोड्यात पडले होते. बेस-३ ला २०२१ मध्ये त्या कमी दिसल्या. कोडे सुटले, पण ऊर्जा वाढवत नेली की न्यूट्रॉनचा आलेख नियमित हेलकावे खातो, हे नवे कोडे हाती आले.

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत उभ्या राहणाऱ्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरमध्ये लक्ष्य स्थिर नसेल. तिथे हेलियम-३ चे, स्पिन एका दिशेला वळवलेले झोत सोडण्याची योजना आहे, आणि ड्यूटेरियमचेही. ड्यूटेरियमच स्वतः वेगात असेल तर त्यातला बघ्या प्रोटॉन थांबत नाही. झोताचा सुमारे अर्धा संवेग घेऊन तो पुढे निघून जातो, आणि टकरीच्या जागेपासून कित्येक मीटर पुढे, झोताच्या नळीलगत बसवलेल्या शोधकांत सापडतो. बोनसला ज्या मंद प्रोटॉनांसाठी अतिपातळ भिंतीची नळी लागली, त्यांच्यासाठी इथे चुंबकांच्या रांगेत मोकळी जागा कुठे ठेवायची, एवढाच प्रश्न उरतो. यंत्राच्या आराखड्यात त्या जागा आधीच आखलेल्या आहेत.